शीव, शिवी आणि शेजारी!

माहीत आहे का, उचगाव दोन आहेत? एक आपलं, कोल्हापूरला खेटून, हायवेवरचं. दुसरं बेळगावजवळ, मळेकरणी देवीचं. मॅपवर घाईत बोट ठेवलंत तर वऱ्हाड थेट कर्नाटकात! १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते उचगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, आणि तिथला सीमावाद अजून मिटलेला नाही.

आता आपल्या उचगावच्या शेजाऱ्यांची हजेरी. सरनोबतवाडी! सरनोबत म्हणजे शिवकाळातला सेनाप्रमुख. गडमुडशिंगी! तीनदा फास्ट म्हणून दाखवा.

आणि वळिवडे? तिथं चक्क मिनी पोलंड होतं! दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात इथं राहिले. शाळा त्यांची, चर्च त्यांचं, नाटकंसुद्धा त्यांचीच. ते गेले, फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली आणि छावणीचं गांधीनगर झालं. आज लग्नाचा बस्ता बांधायला अख्खा जिल्हा तिथंच लोटतो. एवढा इतिहास एका माळावर, तिकीट मात्र शून्य!

गावांनाही आडनावं असतात, माहीत आहे का? करवीर तालुक्यातल्या जोड्या बघा: निगवे खालसा-निगवे दुमाला, सडोली खालसा-सडोली दुमाला, हिरवडे खालसा-हिरवडे दुमाला. खालसा म्हणजे सारा थेट सरकारात, दुमाला म्हणजे गाव इनामात. इनामं गेली, आडनावं राहिली. पुलाची शिरोली तर नावातच पूल घेऊन फिरते.

जुनं गाव ब्लॅक अँड व्हाइट! वस्तीची जमीन पांढरी, शेतीची काळी. वस्तीभोवती माती-दगडांचं गावकूस, त्याला वेस. कोल्हापूरच्या गंगावेशीत आता वेस शोधू नका, म्हशीचं धारोष्ण दूध मिळेल. तट बघायचाच असेल तर बिंदू चौकात तुकडा शिल्लक आहे.

शिवेवरून दोन गावं भांडली की कुणाची साक्ष वजनदार ठरायची? गावच्या महार वतनदाराची. शीव त्याच्या पायाखालची. ज्याला वेशीबाहेर ठेवलं, हद्द सांगायला त्यालाच बोलवायचं. आपल्या पूर्वजांची ही चलाखी हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मूड बदलू. दगडावर कोरलेली शिवी पाहिलीत? शिलाहारांच्या काळातला गधेगाळ! वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर, खाली गाढव आणि एक स्त्री. दिलेल्या जमिनीला हात लावाल तर... पुढचं विचारू नका, घरात लहान मुलं मासिक वाचतात.

इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे दगडी बांध मैलोन् मैल टिकून आहेत. आमच्याकडे बांध दरवर्षी नांगरटीला थोडा कोरला जातो!

म्हणूनच मोजणी. ३३ फुटांची साखळी, ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, झाला गुंठा. असे ४० झाले की एकर. हायवेकाठी मात्र एकाच गुंठ्यावर माणूस गुंठामंत्री होतो.

आणि ब्रेकिंग न्यूज, दशकानुदशकं ब्रेक होत असलेली: हद्दवाढ! कोल्हापूर महापालिका १९७२ ची. तेव्हापासून शहराची हद्द वाढवायचे बेत झाले, यादीत उचगाव आलं, की गावं बंद आणि मोर्चे! २०१७ मध्ये मधला मार्ग म्हणून ४२ गावांचं प्राधिकरण निघालं. उचगावात वडापावची ऑर्डर शहरातून येते, घरफाळा मात्र ग्रामपंचायतीतच भरायचा, असा गावाचा बाणा!