पसरणी घाटात पद्मिनी बंद पडली तर...

मे महिना, भर दुपार. वाईहून पाचगणीला निघालेली प्रीमियर पद्मिनी पसरणी घाटात आचके देते आणि थांबते. स्टार्टर फिरतो, पण इंजिन काही धरत नाही. लगेच टोचन लावू नका!

हिचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असतो. खालच्या गिअरमध्ये संथ चढण, वारा कमी, उष्णता जास्त. पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाला ती ओढता येत नाही आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात.

खात्री करायची? इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढा. पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली, तर पॉइंट आणि कंडेन्सर तपासा. नाही उडाली, तर पंपावर ओलं फडकं गुंडाळून १५-२० मिनिटं थांबा. बहुतेक वेळा गाडी सुरू होते. जुन्या मेकॅनिकांचा हा उपाय मला आजही सर्वांत भरवशाचा वाटतो. (विडी-सिगारेट लांबच ठेवा.)

गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. उतरताना दुसरा गिअर ठेवा. नुसत्या ब्रेकवर उतरलात, तर ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात.

वाईतून निघतानाच पाण्याचा कॅन आणि सुती फडकं डिकीत टाका.