जुने द्या, पुनर्निर्मित न्या : चीनमधील एका अनुदानाचा मागोवा

मोटारींच्या जुन्या भागांचे पुनर्निर्माण ही कल्पना चीनमध्ये १९९९ मध्ये शू बिन्शी या लष्करी अभियांत्रिकीतील शास्त्रज्ञाने मांडली आणि पुढील दोन दशकांत तिला सरकारी धोरणात स्थान मिळाले. मात्र ग्राहकाला सवलत आधी द्यावी की उद्योगाचा कच्चा माल आधी मोकळा करावा, याचा क्रम धोरणकर्त्यांनी उलटा लावला. पुनर्निर्माणात जुने इंजिन पूर्णपणे सुटे करून क्रँकशाफ्ट, सिलिंडर ब्लॉक असे भाग धुऊन त्यांची मापे घेतली जातात, झिजलेल्या पृष्ठभागावर धातूचा थर चढवून ते मूळ मापावर आणले जातात आणि जोडणी झाल्यावर नव्या इंजिनाच्याच कसोट्या त्याला लावल्या जातात. सिलिंडर बोअर करून पिस्टन-रिंगा बदलण्याचे जे इंजिनकाम गॅरेजात चालते, त्याहून ही प्रक्रिया बरीच कडक असते.

२००८ मध्ये राष्ट्रीय विकास व सुधारणा आयोगाने १४ कंपन्यांना मोटारभागांच्या पुनर्निर्माणाची प्रायोगिक परवानगी दिली, आणि १ जानेवारी २००९ पासून चक्रीय अर्थव्यवस्थेचा, म्हणजे वापरलेले साहित्य पुन्हा उत्पादनात आणण्याचा, कायदा लागू झाला. माल तयार होऊ लागला, तरी जुन्या भागाविषयीचा ग्राहकाचा संशय काही जाईना. म्हणून २०१३ मध्ये जाहीर झालेल्या आणि २०१४ मध्ये तपशील ठरलेल्या ‘जुन्याच्या बदल्यात पुनर्निर्मित’ या योजनेने थेट खरेदीदारालाच हात दिला. निवडलेल्या कंपनीकडे आपला जुना भाग जमा करून पुनर्निर्मित भाग घेणाऱ्यास अदलाबदलीच्या किमतीच्या १० टक्के अनुदान त्या कंपनीमार्फतच मिळे. इंजिनासाठी त्याची कमाल मर्यादा २,००० युआन, तर गिअरबॉक्ससाठी १,००० युआन होती.

जुना भाग परत करण्याची अट ही या योजनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हटली पाहिजे, कारण त्यामुळे प्रत्येक विक्रीबरोबर पुढच्या उत्पादनाचा कच्चा मालही कारखान्याच्या दारात येई. मर्यादेचे गणित मात्र तोकडे होते : २०,००० युआनच्या इंजिनावर पूर्ण १० टक्के मिळत, पण ४०,००० युआनच्या अवजड इंजिनावर तीच सवलत पाच टक्क्यांवर येई. खरेदीदाराला पर्यावरणाची चाड आहे की केवळ पैसे वाचवायचे आहेत, हे योजनेने विचारले नाही, आणि ते योग्यच झाले.

खरी अडचण भंगारात होती. २००१ च्या नियमांनुसार मोडीत काढलेल्या वाहनांचे इंजिन, स्टिअरिंग यंत्रणा, गिअरबॉक्स, पुढचा-मागचा अॅक्सल आणि चासी हे पाच मुख्य भाग धातूचे भंगार म्हणून पोलाद कारखान्यांच्या भट्टीकडेच जावेत, असे बंधन होते. चोरीच्या आणि जुने भाग जोडून बनवलेल्या धोकादायक गाड्यांना आळा घालण्यासाठी ते समर्थनीय असले, तरी त्यामुळे पुनर्निर्माणाला लागणाऱ्या जुन्या भागांचा सर्वांत मोठा साठा वितळवला जात राहिला, आणि सरकार एका हाताने मागणी वाढवत असताना दुसऱ्या हाताने पुरवठा अडवून बसले. हे बंधन सैल झाले ते १ जून २०१९ रोजी, जेव्हा नव्या नियमांनी पुनर्निर्माणयोग्य मुख्य भाग तशी क्षमता असलेल्या कंपन्यांना विकण्याची मुभा दिली. अनुदानाचे नियम ठरल्याला तोवर जवळजवळ पाच वर्षे उलटली होती.