माथेरानमधील अल्पखर्ची पर्यटन

माथेरान हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले थंड हवेचे ठिकाण आहे. 'माथ्यावरचे रान' अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथून एका दिवसात किंवा एका मुक्कामात हे ठिकाण पाहून होते. गावात मोटारगाड्यांना प्रवेश नाही. त्यामुळे पाठीवर पिशवी घेऊन पायी हिंडणे हा येथील सर्वांत स्वस्त आणि गावाच्या रचनेला सर्वांत साजेसा पर्यटनप्रकार ठरतो.

इतिहास

पायथ्याशी राहणाऱ्या ठाकूर, कातकरी व धनगर लोकांना हे पठार पूर्वीपासून परिचित होते. मे १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट हे चौक गावाच्या बाजूने पायी चढून वर आले. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एलफिन्स्टन यांच्या काळात येथे वस्तीचा विकास झाला. नेरळ-माथेरान ही अरुंदमापी रेल्वे आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या भांडवलातून उभी राहून १९०७ मध्ये सुरू झाली. स्वातंत्र्यसंग्रामातील हुतात्मा भाई कोटवाल यांचे हे जन्मगाव. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान व परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला.

जाण्याचे मार्ग

नवी मुंबईतून ट्रान्सहार्बर मार्गाच्या लोकलने ठाणे व तेथून कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळ गाठणे सोयीचे असते. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत सहआसनी टॅक्सी मिळतात. नाक्यावर प्रवेशकर भरून बाजारपेठेपर्यंतचे सुमारे तीन किलोमीटर अंतर पायी चालता येते. नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकावरून माथेरानपर्यंत शटल गाडीही धावते. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा रेल्वेचा टप्पा बंद ठेवला जातो.

पायथ्यापासून चढणाऱ्या पायवाटाही अनेक आहेत. पनवेल तालुक्यातील धोदाणी गावातून सनसेट पॉइंटकडे, चौकच्या बाजूने वन ट्री हिल व रामबागेकडे, तर भिवपुरी रोड स्थानकाच्या बाजूने गार्बट पॉइंटकडे वाट जाते. या वाटा आदिवासी वाड्यांतील लोकांच्या नित्य वापरातील आहेत. नवख्या प्रवाशाने स्थानिक वाटाड्या घ्यावा. त्यामुळे वाट चुकण्याचा धोका टळतो व वाडीतील माणसाला रोजगारही मिळतो.

प्रेक्षणीय स्थळे

येथील कड्यांच्या टोकांना 'पॉइंट' म्हणतात. ती पाहण्यास शुल्क लागत नाही. उत्तरेकडील पॅनोरमा पॉइंट सूर्योदयासाठी, तर पश्चिमेकडील सनसेट पॉइंट सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे. पश्चिमेच्या कड्यांवरून समोर प्रबळगड दिसतो. शार्लोट तलाव, पिसारनाथ मंदिर, एको पॉइंट व लुईझा पॉइंट ही ठिकाणे एकाच फेरीत पाहता येतात. दक्षिणेकडे नवी मुंबईला पाणी पुरविणाऱ्या मोरबे धरणाचा जलाशय आहे. तांबड्या मातीच्या रस्त्यांवर जांभूळ, हिरडा, अंजनी या वृक्षांची सावली असते. शेकरू व माकडे सहज दिसतात.

खर्च

शनिवार, रविवार व सुट्ट्यांच्या दिवशी खोल्यांचे दर वाढतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी घरगुती निवासव्यवस्था तुलनेने स्वस्त मिळते. जेवणासाठी बाजारपेठेतील खानावळी आहेत. गावाला लागणारा बहुतेक माल माणसांच्या श्रमाने किंवा घोड्यांवरून वर येत असल्याने वस्तू पायथ्यापेक्षा महाग असतात. घासाघीस करताना हे ध्यानात ठेवणे उचित होय.

श्रमाचा प्रश्न

वाहनबंदीमुळे झाडी व शांतता टिकली, मात्र तिचा भार हमाल आणि हातरिक्षा ओढणारे यांच्या अंगावर पडला. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढून नेण्याची पद्धत अमानुष ठरवून हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचे निर्देश दिले. वृद्ध, रुग्ण व शाळकरी मुले यांना वाहनाची गरज असते. धडधाकट प्रवासी पायी चालल्यास वाहनांची मागणी मर्यादित राहते व वाहनबंदीचा मूळ हेतू जपला जातो.

घ्यावयाची काळजी

पावसाळ्यात कडे निसरडे होतात आणि धुक्यामुळे कड्याची कडा दिसत नाही. जुलै २०२३ मध्ये जवळच्याच इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. म्हणून अतिवृष्टीचा इशारा असताना पायवाटांनी चढू नये. पाण्याची बाटली घरून न्यावी, माकडांना खाऊ घालू नये आणि आपला कचरा परत खाली आणावा. शार्लोट तलाव हा गावाच्या पाणीपुरवठ्याचा स्रोत असल्याने त्यात उतरणे टाळावे.