अण्वस्त्रांचा हिशेब ठेवणारे हात हवे आहेत

जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात बारा दिवस युद्ध चालले. २२ जून रोजी अमेरिकेने फोर्दो, नतांझ आणि इस्फहान येथील इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. दुसऱ्याच दिवशी इराणची क्षेपणास्त्रे कतारमधील अमेरिकी तळाच्या दिशेने झेपावली आणि आखातातील काही देशांनी आपले हवाईमार्ग काही काळ बंद केले. घरातील मुलगा किंवा मुलगी दोहा, दुबई, कुवेत येथे नोकरीला असलेल्या गोव्यातील कुटुंबांसाठी अण्वस्त्रांचा प्रश्न त्या दिवसांत दूरचा राहिला नव्हता.

युद्ध थांबले, पण एक प्रश्न मागे उरला. हल्ल्यापूर्वी इराणकडे ६० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेले सुमारे ४४० किलो युरेनियम होते. ते गेले कुठे? मुळात हा आकडा जगाला ठाऊक होता, तो व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या, म्हणजेच आयएईएच्या निरीक्षकांमुळे. हल्ल्यांनंतर त्यांना या केंद्रांत पूर्वीसारखा प्रवेश मिळेनासा झाला आणि हिशेबाची वही तिथेच थांबली. बॉम्बने इमारत पाडता येते. पिंपात काय आहे आणि किती आहे, हे मोजण्यासाठी जाणकार माणसालाच आत जावे लागते.

अशा जाणकारांचे एक स्वतंत्र व्यवसायक्षेत्र आहे. शस्त्रनियंत्रण आणि अण्वस्त्रप्रसारबंदी या नावाने ते ओळखले जाते. बारावीनंतरच्या किंवा पदवीनंतरच्या करिअर मार्गदर्शनात त्याचा उल्लेख क्वचितच होतो. वास्तविक भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, कायदा, भूगर्भशास्त्र, समुद्रविज्ञान, संगणकशास्त्र आणि परदेशी भाषा या सर्वांना तिथे जागा आहे, आणि आज या क्षेत्राला नव्या पिढीची निकड भासत आहे.

विश्वास आणि मोजमाप

अण्वस्त्रप्रसारबंदी करार १९७० मध्ये अमलात आला. त्यात १९१ देश सामील झाले. अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन या पाच देशांना त्यात अण्वस्त्रधारी म्हणून मान्यता मिळाली; इतरांनी अण्वस्त्रे न बनवण्याचे वचन दिले. हे वचन पाळले जाते की नाही, हे तपासण्याचे काम आयएईएकडे आहे.

ही तपासणी कशी चालते, हे समजून घेण्यासारखे आहे. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये ऊर्जेसाठी उपयोगी पडणारा ‘युरेनियम-२३५’ हा घटक जेमतेम ०.७ टक्के असतो. वीजनिर्मितीच्या बहुतेक अणुभट्ट्यांना तो ३ ते ५ टक्के लागतो, तर शस्त्रासाठी साधारण ९० टक्के. एकच यंत्रणा दोन्हींसाठी वापरता येत असल्यामुळे यंत्र पाहून हेतू कळत नाही, प्रमाण मोजावे लागते. एका स्फोटकासाठी पुरेसे ठरू शकणारे प्रमाण म्हणून आयएईए ८ किलो प्लुटोनियम किंवा अतिसमृद्ध युरेनियममधील २५ किलो युरेनियम-२३५ हा हिशेब धरते. निरीक्षक केंद्रातील नोंदवह्या तपासतात, साठ्यांना सील लावतात, कॅमेरे बसवतात आणि सुती कापडाच्या तुकड्यांनी भिंती व यंत्रे पुसून नमुने घेतात. व्हिएन्नाजवळील सायबर्सडॉर्फच्या प्रयोगशाळेत त्या कापडावरील डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचीही तपासणी होते. वरवर स्वच्छ केलेल्या खोलीत पूर्वी काय चालले होते, हे असे कण सांगून जातात.

अणुचाचण्यांवर नजर ठेवण्याचे तंत्र वेगळे आहे. १९९६ च्या सर्वंकष अणुचाचणीबंदी करारासाठी जगभर ३३७ केंद्रांचे जाळे आखण्यात आले. भूकंपलहरी, समुद्रातील ध्वनी, हवेतील अतिमंद कंपने आणि किरणोत्सारी कण अशा चार मार्गांनी ते स्फोटाचा माग काढते. याच जाळ्यातील समुद्रकेंद्रांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये अर्जेंटिनाची ‘सान हुआन’ ही पाणबुडी बेपत्ता झाली तेव्हा खोल समुद्रातील एक असाधारण आवाज टिपला होता. पाणबुडीचा शोध कोणत्या भागात घ्यावा, हे ठरवण्यास त्याची मदत झाली. समुद्रातील ध्वनीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याची विद्या कुठवर पोहोचू शकते, याचे हे उदाहरण दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या परिसरातील तरुणांना जवळचे वाटावे.

अनुभवी पिढी निवृत्त होताना

१९८६ च्या सुमारास जगात जवळपास ७० हजार अण्वस्त्रे होती. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५ मध्ये ही संख्या १२,२४१ होती. एवढी घट सदिच्छेच्या भाषणांनी झालेली नाही. १९८७ च्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या करारानुसार अमेरिका आणि सोव्हिएत संघाने मिळून २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट केली, आणि दोन्ही बाजूंच्या निरीक्षकांनी एकमेकांच्या तळांवर जाऊन त्यांची मोजदाद केली.

तो करार २०१९ मध्ये संपला. अमेरिका व रशिया यांच्यातील ‘न्यू स्टार्ट’ करारानुसार प्रत्यक्ष तळांवर ३२८ तपासण्या झाल्या. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे त्या थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाने आपला सहभाग स्थगित केला आणि ५ फेब्रुवारी २०२६ रोजी कराराची मुदत संपली. त्याची जागा घेणारा नवा करार तोवर झालेला नव्हता.

१९८८ मध्ये तिशीत असताना क्षेपणास्त्रे मोजणारा निरीक्षक आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. परक्या तळावर कोणता प्रश्न विचारायचा, यजमान अधिकारी टाळाटाळ करतो आहे हे कसे ओळखायचे, मसुद्यातील एका शब्दासाठी किती अडून बसायचे, हे ज्ञान ग्रंथांत पूर्णपणे उतरत नाही. ते सोबतीने काम करताना मिळते. उद्या महासत्ता पुन्हा वाटाघाटींना बसल्या, तर अनुभवी माणसे उरलेली नसतील, ही या क्षेत्रातील चिंता आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मध्ये युवक, निःशस्त्रीकरण आणि प्रसारबंदी या विषयावर स्वतंत्र ठराव केला, तो याच पार्श्वभूमीवर.

भारतीय तरुणाने यात का पडावे?

भारत अण्वस्त्रधारी देश आहे. ‘सिप्री’च्या अंदाजाने त्याच्याकडे सुमारे १८० अण्वस्त्रे आहेत. प्रसारबंदी करार पक्षपाती असल्याची भूमिका घेऊन भारताने त्यावर सही केलेली नाही. मग भारतीय तरुणाला या क्षेत्रात काय काम, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर देशाच्या इतिहासातच सापडते.

पॅसिफिक महासागरातील अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीनंतर एप्रिल १९५४ मध्ये पंडित नेहरूंनी चाचण्या थांबवण्याचे आवाहन लोकसभेत केले होते. १९९६ मध्ये जीनिव्हा येथे चाचणीबंदी कराराच्या मसुद्याला भारताचा नकार मांडला, तो राजदूत अरुंधती घोष यांनी. बलाढ्य देशांच्या दबावापुढे कलमाकलमावर युक्तिवाद करण्यासाठी करार मुळातून कळावा लागतो. २००६ ते २००८ या काळात भारत-अमेरिका अणुकरार आकाराला आला, तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक पुरुषोत्तम काकोडकर यांचे पुत्र डॉ. अनिल काकोडकर. २२ पैकी १४ अणुभट्ट्या आयएईएच्या देखरेखीखाली आणायच्या आणि उर्वरित बाहेर ठेवायच्या, हे त्या वेळी ठरले. कुठे निरीक्षकांना येऊ द्यायचे आणि कुठे नाही, हा निर्णय तांत्रिक ज्ञानाशिवाय घेता आला नसता.

शेजाऱ्याशी असलेल्या संबंधांतही हेच दिसते. परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याच्या करारावर भारत आणि पाकिस्तानने १९८८ मध्ये सही केली, आणि १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देत आले आहेत. मार्च २०२२ मध्ये भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात जाऊन पडले. त्यावर स्फोटक नव्हते आणि प्रकरण चिघळले नाही. तरीही दोन अण्वस्त्रधारी देशांमध्ये अशा चुकीची माहिती किती लवकर आणि कोणत्या मार्गाने द्यावी, याचे नियम कुणीतरी आधीच लिहून ठेवावे लागतात.

बंदरावरचे आणि कारखान्यातले काम

हे सारे काम व्हिएन्ना किंवा जीनिव्हामध्येच चालते, असे नाही. १९९९ च्या जूनअखेर ‘कू वोल सान’ हे उत्तर कोरियाचे जहाज साखर उतरवण्यासाठी गुजरातमधील कांडला बंदरात आले. कागदपत्रांत पाणी शुद्ध करण्याची यंत्रसामग्री नोंदवलेली होती. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी खोकी उघडून पाहिली, तर आत क्षेपणास्त्रांचे सुटे भाग आणि आराखडे निघाले. जगाच्या प्रसारबंदीला त्या दिवशी उपयोगी पडली ती बंदरावरील अधिकाऱ्यांची चौकस नजर.

मुरगाव बंदर आणि वेर्ण्याची औद्योगिक वसाहत असलेल्या गोव्यासाठी हे उदाहरण मोलाचे आहे. औषधनिर्मितीत लागणारी काही रसायने, काही पंप, झडपा आणि इलेक्ट्रॉनिक भाग यांचा शस्त्रनिर्मितीतही उपयोग होऊ शकतो. अशा वस्तूंची निर्यात भारतात ‘स्कोमेट’ या यादीनुसार परवान्यानेच होते. २००० चा रासायनिक शस्त्रबंदी कायदा आणि २००५ चा सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा कायदा उद्योगांवर बंधने घालतात. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त रसायने बनवणाऱ्या कारखान्यांना माहिती जाहीर करावी लागते आणि हेग येथील रासायनिक शस्त्रबंदी संघटनेचे निरीक्षक तपासणीलाही येऊ शकतात. हे नियम जाणणारा रसायनशास्त्रज्ञ किंवा वकील कंपन्यांना हवाच असतो. गोव्यात राहून या क्षेत्रात पाऊल टाकण्याचा हा सर्वांत व्यवहार्य मार्ग म्हणता येईल.

वाट कुठून सुरू होते?

पदवी कोणती, यापेक्षा ती पक्की असणे महत्त्वाचे. ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात, फर्मागुडीच्या आयआयटीत किंवा मिरामार व मडगाव येथील विधी महाविद्यालयांत शिकणाऱ्यांना पुढील शिक्षणासाठी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय राजकारण, संघटना आणि निःशस्त्रीकरण केंद्र उपलब्ध आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेत आणि दिल्लीच्या मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्थेत या विषयावर संशोधन चालते. या दुसऱ्या संस्थेला गोव्याच्या माजी मुख्यमंत्र्यांचे नाव आहे. तांत्रिक बाजूकडे वळू इच्छिणाऱ्या अभियंत्यांना आणि विज्ञान पदव्युत्तरांना भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय खुले आहे.

आयएईए विद्यार्थ्यांना आणि नव्या पदवीधरांना प्रशिक्षणार्थी म्हणून घेते. अणुविषयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी तिने २०२० मध्ये मारी क्युरी यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली असून, तिच्यातून वर्षाला २० हजार युरोपर्यंत, कमाल दोन वर्षे साहाय्य मिळू शकते. चाचणीबंदी संघटनेचा २०१६ पासून एक युवा गटही आहे. भारताने त्या करारावर सही केलेली नसल्याने तेथील नोकरीचा विचार करणाऱ्या भारतीय उमेदवाराने मात्र पात्रतेच्या अटी आधी तपासाव्यात.

या वाटेच्या मर्यादाही स्पष्ट असाव्यात. आंतरराष्ट्रीय संस्थांतील जागा थोड्या असतात आणि स्पर्धा जगभरातून असते. आयएईए आणि रासायनिक शस्त्रबंदी संघटनेत नोकरीचा काळ सामान्यतः सात वर्षांपर्यंतच असतो, त्यामुळे परतीची सोय पाहूनच निघावे लागते. यशाची बातमीही होत नाही, कारण न झालेला स्फोट कुणाच्या लक्षात येत नाही.

सुरुवातीला मात्र फारसा खर्च नाही. निःशस्त्रीकरणावरील संयुक्त राष्ट्रांचे ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क आहेत. पदवीच्या वर्षांतच फ्रेंच, रशियन किंवा चिनी भाषा हाती घेतली, एखादा करार कलमाकलमाने वाचला आणि आपल्या विषयाचा त्याच्याशी कुठे संबंध येतो हे शोधले, तर दिशा ठरू लागते. इराणच्या ४४० किलोंचा हिशेब कधीतरी पुन्हा उघडावा लागेल. तो उघडणाऱ्यांत गोव्यातील एखादी रसायनशास्त्राची विद्यार्थिनीही असू शकते. तयारी मात्र तिला आजच सुरू करावी लागेल.