संदेशघराचा दरवाजा

टपालाने पाठविलेले पत्र पोहोचते झाले की त्याची नक्कल टपाल खात्यापाशी राहत नाही. आजच्या संदेशसेवांचे तसे नाही. आपला मजकूर कोणाच्या यंत्रावर साठतो, हे लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसते. ज्यांना आपले दप्तर आपल्याच कपाटात हवे असते, त्यांच्यासाठी २०१४ मध्ये ‘मॅट्रिक्स’ ही खुली पद्धती पुढे आली. फ्रान्सच्या शासनाने २०१९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांकरिता सुरू केलेली संदेशसेवा याच पायावर उभी आहे.

या संदेशघराचे अंग दुहेरी आहे. ‘सिनॅप्स’ हा सर्व्हर दप्तर सांभाळतो. ‘एलिमेंट’ हे वेब पोर्टल म्हणजे केवळ दरवाजा. पोर्टलच्या यंत्रावर संदेश साठत नाहीत.

पहिला निर्णय नावाचा. सर्व्हरचे नाव प्रत्येक सभासदाच्या पत्त्यात कायमचे गोवले जाते आणि मागाहून बदलता येत नाही. म्हणून तेथे संस्थेचे मूळ डोमेन द्यावे; सर्व्हर प्रत्यक्षात कोठे बसला आहे, हे सांगणारी एक लहानशी फाइल त्या डोमेनवर ठेवता येते.

पोर्टलची सारी मांडणी ‘कॉन्फिग डॉट जेसन’ या एका फाइलीत असते. सोबत मिळणाऱ्या नमुन्याची नक्कल करून तीत आपल्या सर्व्हरचा पत्ता लिहावयाचा, एवढेच मुख्य काम. शेवटच्या नोंदीपुढे चुकून एक स्वल्पविराम राहिला, तरी दरवाजा उघडत नाही. आयुष्यभर टिपणे लिहिणाऱ्या माझ्यासारख्यास या शिस्तीचे कौतुकच वाटले. अर्थात त्या स्वल्पविरामापायी एक अख्खी संध्याकाळ गेल्यावर!

पोर्टल आणि सर्व्हर एकाच डोमेनवर मात्र ठेवू नयेत. कोणी सर्व्हरवर घातक मजकूर चढविला आणि तो पोर्टलच्याच पत्त्यावरून उघडला, तर ब्राउझर त्याला घरचाच समजतो, आणि मग सभासदाच्या किल्ल्या त्याच्या हाती पडू शकतात. खुली नोंदणीही बंद ठेवावी. सभासदांची नावे व्यवस्थापकाने स्वतः घालावीत.

मे २०२३ मध्ये भारत सरकारने ज्या १४ संदेश-अनुप्रयोगांवर बंदी घातली, त्यांत एलिमेंटचेही नाव होते. तेव्हा आपल्या देशात हा उद्योग आरंभण्यापूर्वी कायद्याची स्थिती पाहून घ्यावी, हे सरकारी नोकर या नात्याने सांगणे मला प्राप्त आहे.

आता किल्लीविषयी. कूटबद्ध संभाषण व्यवस्थापकालाही वाचता येत नाही. कोण कोणाशी केव्हा बोलले, एवढे मात्र त्याला दिसते. सभासदाने आपली सारी उपकरणे आणि पुनःप्राप्तीची किल्ली गमावली, तर दप्तर शाबूत असूनही त्याला आपली जुनी पत्रे उघडता येत नाहीत, आणि त्याच्यासाठी ती उघडून देणारा दुसरा कोणी सर्व्हरपाशी बसलेला नसतो. म्हणून पहिल्या दिवशीच प्रत्येकाकडून ती किल्ली कागदावर उतरवून घ्यावी, आणि तो कागद ज्याचा त्यालाच जपू द्यावा.