गुडघा निखळला, पाय वाचला

बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड हा संघाचा सूत्रधार. चेंडू पुढे आणायचा, कोण मोकळा आहे हे हेरायचे आणि चाल रचायची, हे त्याचे काम. बहुतेक संघांत ते तुलनेने बुटक्या खेळाडूकडे असते. शॉन लिव्हिंगस्टन मात्र सहा फूट सात इंच उंच. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या पिओरियाचा हा मुलगा. २००४ मध्ये शाळा संपताच, कॉलेजात न जाता, तो थेट व्यावसायिक खेळात आला. लॉस एंजेलिस क्लिपर्सने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले होते.

२६ फेब्रुवारी २००७ रोजी शार्लट बॉबकॅट्सविरुद्ध खेळताना त्याने बास्केटजवळ उडी घेतली. चेंडू आत गेला नाही आणि खाली येताना डावा पाय गुडघ्यातून भलत्याच दिशेला वाकला. त्या वेळी तो २१ वर्षांचा होता. त्या सामन्याचे चित्रण आजही अनेकांना पाहवत नाही.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड गुडघ्यात एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. खुब्यासारखी खोल खोबण तिथे नाही. त्यामुळे सांध्याची सारी भिस्त लिगामेंटवर, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांवर असते. अशा मुख्य पट्ट्या चार. लिव्हिंगस्टनच्या त्यांपैकी तीन फाटल्या. सोबत बाहेरच्या बाजूची कूर्चेची गादी फाटली, गुडघ्याची वाटी जागची सरकली आणि नडगीला जोडलेल्या बारीक हाडाचा सांधाही निखळला. पाय कापावा लागू शकतो, असे त्याला रुग्णालयात सांगण्यात आले.

लिगामेंट फाटली म्हणून पाय कापत नाहीत. खरा धोका असतो तो गुडघ्याच्या मागच्या खळगीतून जाणाऱ्या रक्तवाहिनीला. पोटरी आणि पावलाचा रक्तपुरवठा मुख्यतः तिच्यावर चालतो. ही वाहिनी गुडघ्याच्या वर आणि खाली जखडलेली असते. हाडे निखळली की तिला सरकायला जागा मिळत नाही. ती ताणली जाते, आतून चिरते, कधी तुटते. रक्तपुरवठा साधारण सहा ते आठ तासांत पूर्ववत झाला नाही, तर स्नायू मरू लागतात आणि पाय गमावण्याची शक्यता झपाट्याने वाढते.

अशी दुखापत खेळापेक्षा रस्त्यावरच्या अपघातांत, विशेषतः दुचाकीच्या, अधिक होते. त्यात एक फसवणूकही असते. निखळलेला गुडघा कधी कधी आपोआप जागेवर बसतो. एक्स-रेमध्ये हाडे ठीक दिसतात, रुग्ण ‘नुसती सूज आहे’ म्हणून घरी जातो आणि आतून चिरलेल्या वाहिनीत पुढच्या काही तासांत गुठळी होते. पाऊल गार पडणे, फिकट किंवा बधिर होणे, वर उचलता न येणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा रुग्णाला रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते त्या रुग्णालयात तातडीने न्यावे. तेल लावून गुडघा चोळण्यात घालवलेला वेळ परत मिळत नाही.

लिव्हिंगस्टनचा पाय वाचला, पण चालणेही त्याला नव्याने शिकावे लागले. शस्त्रक्रियेत बसवलेली नवी पट्टी सुरुवातीला निर्जीव दोरीसारखीच असते. शरीर तिच्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी वाढवते. या कामाला अनेक महिने लागतात. दरम्यान मांडीचा पुढचा स्नायू पाहता पाहता वाळतो, आणि तो परत कमावणे हे ऑपरेशनपेक्षा कंटाळवाणे काम. फिजिओथेरपी अर्ध्यावर सोडणारे बहुतेक जण इथेच सोडतात.

२००८-०९ च्या मोसमात तो मियामीकडून पुन्हा मैदानात उतरला. पण संघ त्याला घेत आणि सोडून देत. ओक्लाहोमा, वॉशिंग्टन, मिलवॉकी, क्लीव्हलँड अशी त्याची भटकंती झाली, मध्ये दुय्यम लीगमध्येही खेळणे झाले. ज्या शार्लटविरुद्ध गुडघा गेला, त्या संघाकडूनही तो एक मोसम खेळला.

पूर्वीची उडी आणि वेग काही परत आला नाही. मग त्याने खेळच बदलला. बास्केटकडे पाठ करून बुटक्या प्रतिस्पर्ध्याला रेटत दहा-पंधरा फुटांवर यायचे, वळायचे आणि त्याच्या डोक्यावरून चेंडू टाकायचा. यात धावपळ कमी आणि उंचीचा फायदा पुरेपूर. २०१४ मध्ये तो गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये आला. दुरून तीन गुणांचे नेम साधणारा म्हणून हा संघ जगभर गाजला. लिव्हिंगस्टन मात्र तसा फटका क्वचितच मारी. स्टीफन करी विश्रांतीला बसला की चेंडू त्याच्या हाती येई. २०१५, २०१७ आणि २०१८ अशी तीन विजेतेपदे त्याने या संघासोबत मिळवली. सप्टेंबर २०१९ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, तो निवृत्त झाला. एनबीएमधील त्याच्या ८०० हून अधिक सामन्यांपैकी बहुतेक दुखापतीनंतरचे आहेत.