पट्टा ओढणारा कुत्रा सत्ता गाजवत नसतो

सोसायटीच्या फाटकातून कुत्रा पुढे आणि माणूस मागे फरफटत निघाला, की बघणाऱ्यांचं निदान ठरलेलं: ‘डोक्यावर बसलाय तुमच्या. मालक कोण ते दाखवा त्याला.’

ही समजूत लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांची निरीक्षणं मांडली. झुंजून वरचढ ठरणारा ‘अल्फा’ तिथला. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकातून तो आणखी पसरला. पुढे मीच यांनीच कॅनडाच्या एल्समीर बेटावर मोकळे लांडगे बघितले आणि १९९९ मध्ये लिहिलं, की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. सत्तेची झुंज तिथे नाहीच. लोकांनी मात्र अल्फा सोडला नाही.

कुत्रा ओढतो, कारण त्याची चाल आपल्यापेक्षा भरभर असते आणि ओढलं की हवा तो खांब मिळतो. हा फायदाच बंद करायचा. पट्टा ताणला, की जागीच थांबा. ढिला पडला, की चला. पायाशेजारी चालत असताना खाऊ द्या. सुरुवात घरात किंवा रिकाम्या पार्किंगमध्ये करा, भर रस्त्यावर नको. आणि घरातल्या सगळ्यांचा नियम एकच हवा. बाबांनी थांबायचं आणि दादाने ओढू द्यायचं, तर कुत्रा चिकाटीने ओढायलाच शिकतो.

‘एक हिसका दिला की सुधारतो.’ हिसक्याने मान दुखते, शिकवण होत नाही. गळपट्ट्यावर ओढ बसली की डोळ्यांतला दाब वाढतो, हार्नेसने तसा वाढत नाही, असं २००६ च्या एका अभ्यासात दिसलं. पॉमेरेनियनसारख्या छोट्या कुत्र्यांची श्वासनलिका मुळातच नाजूक असते. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर तर वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे.

‘हार्नेसने ओढायची सवय लागते’ हे अर्धंच खरं. पाठीवर कडी असेल तर ओढणं सोपं जातं. छातीवर असेल तर ओढणारा कुत्रा बाजूला वळतो. आपोआप लांबणारी दोरी मात्र शिकवताना नकोच. ती कायम ताणलेली असते, म्हणजे ताणलं तरच पुढे जाता येतं हा उलटा धडा.

ढिला पट्टा म्हणजे पोलिसांच्या श्वानासारखं गुडघ्याला चिकटून चालणंही नव्हे. थांबू द्या, हुंगू द्या. शहाणा मालक हुंगणं हेच बक्षीस म्हणून वापरतो: चार पावलं नीट चाललास, जा त्या झाडाकडे.